दोन पाय, दोन चाके आणि चौलचा रस्ता

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. दोन्ही अंगांना वाड्यांचे गडगे, मध्ये डांबर, आणि डांबर संपते तिथे गटार नाहीतर गडगा. माणसाने चालायचे कोठून, हा प्रश्न रस्ता बांधणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारी रेवदंडा, काशीद, मुरूडकडे सुटतात त्या याच रस्त्याने. २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मोटारीसकट समुद्र ओलांडून थेट अलिबाग तालुक्यात उतरण्याची सोय झाली. बोट आली, मोटारी आल्या, बंगले आले, कॉटेजी आल्या. वाड्यांमधला रस्ता मात्र अरुंदच राहिला. चौल हे एके काळी बंदराचे मोठे शहर होते, आज ते ग्रामपंचायतीचे गाव आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्या नाक्यावर वर्दळ असते ती शहराची, आणि चालायला जागा असते ती खेड्याएवढीसुद्धा नाही.

मोटारवाल्यांच्या मस्तीविषयी आम्ही या स्तंभातून पुष्कळ लिहिले आहे, पुढेही लिहू. आज लिहायचे आहे ते सायकलवाल्याविषयी. काही वाचक म्हणतील, अग्रलेखाला दुसरा विषय मिळाला नाही काय? ज्याच्या अंगावरून डंपर जातात त्या गरीब सायकलवाल्यावर लेखणी उगारायची? आम्ही म्हणतो, हो, उगारायची. कारण डांबराच्या कडेने डोक्यावर माशांची पाटी घेऊन चालणारी बाई, काठी टेकत दवाखान्यात निघालेला म्हातारा आणि पाठीवर दप्तर घेतलेले शाळेचे पोर, यांना सायकलवालाही वाट देत नाही. घंटी वाजवली की आपले काम झाले, आता समोरच्याने गटारात उतरावे, अशी त्याची समजूत झालेली आहे. पुष्कळ सायकलींना तर घंटीही नसते, ब्रेकही धड नसतात. पायाची टाच टेकवून सायकल थांबवणारे बहाद्दर गावोगाव आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला नुसती विषमता म्हटले नाही, क्रमिक विषमता म्हटले. नुसत्या विषमतेत खालचे सगळे एक होऊन वरच्याविरुद्ध उभे राहू शकतात. क्रमिक विषमतेत प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी सापडतो, आणि वरून खाल्लेली लाथ तो खालच्याला देऊन मोकळा होतो. म्हणूनच ती टिकते. चौल नाक्यावर अर्धा तास उभे राहून पाहावे, ही व्यवस्था डांबरावर उतरलेली दिसेल. डंपरपुढे मोटार दबते, मोटारीपुढे मिनिडोर, मिनिडोरपुढे मोटारसायकल, मोटारसायकलपुढे सायकल. आणि सायकल दबते ती कोणावर? पायी चालणाऱ्यावर. त्याच्या खाली कोणी नाही. त्याच्या खाली फक्त गटार आहे.

या उतरंडीत सायकलवाला शेवटून दुसरा आहे. मोटारीने कापले म्हणून तो संतापतो, शिव्या देतो. ते योग्यच आहे. पण पुढच्या वळणावर तोच सायकलवाला चालणाऱ्या बाईच्या पदराला हँडल घासून निघून जातो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही. आपल्यावर होणारा अन्याय दिसतो आणि आपल्या हातून होणारा दिसत नाही, हे या व्यवस्थेचेच लक्षण आहे.

रस्ता ही आमच्या समाजासाठी कधीच साधी गोष्ट नव्हती. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून आपलीच पावले पुसत चालावे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे असा दंडक होता. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची नोंद केली आहे. त्रावणकोरात अय्यनकाली यांनी १८९३ साली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्याने जाऊन दाखवले, तेव्हा ते बंड ठरले. वायकोमचा १९२४ चा सत्याग्रह देवळाच्या भोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावे एवढ्यासाठी होता. आमच्या याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या रस्त्यांवरून आमची माणसे रांगेने चालत चवदार तळ्यावर गेली. पाणी प्याले हे सर्वांच्या लक्षात आहे. बाजारपेठेतून उजळ माथ्याने चालत गेले, हेही लक्षात ठेवायला हवे. त्याच दिवशी दंगलखोरांनी परतणाऱ्या आमच्या लोकांना गाठून मारले तेही रस्त्यांवरच.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला रस्ते हा शब्द आलेला आहे. आपल्यातले किती जण तो अनुच्छेद शेवटपर्यंत वाचतात? विहिरीवर सगळे थांबतात. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू झाली. त्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायांत पादत्राणे घालण्यापासून, नवे कपडे घालण्यापासून, घोड्यावर बसण्यापासून किंवा लग्नाची वरात काढण्यापासून रोखणे हा अत्याचार ठरवलेला आहे. सायकल आणि चप्पल एकाच कलमात! एकविसाव्या शतकात कायद्याला असे कलम घालावे लागते, याचा अर्थ आजही या देशात कोठेतरी आमच्या पोराला सायकलवरून खाली उतरवले जाते. त्या कायद्याने सायकलवर बसण्याचा हक्क आणि पायांत चप्पल घालून ताठ चालण्याचा हक्क शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही हक्क आमचेच आहेत. एकाने दुसऱ्याला गटारात ढकलावे यासाठी ते मिळालेले नाहीत.

सायकलीवर आमच्या चळवळीचे ऋण आहे, हे विसरून आम्ही हे लिहीत नाही. मान्यवर कांशीरामजींनी १९८३ साली डीएस-फोरच्या झेंड्याखाली सायकल मार्च काढला. गाड्या नव्हत्या, पैसा नव्हता, वर्तमानपत्रे दखल घेत नव्हती. दोन पाय आणि दोन चाके एवढ्याच भांडवलावर कार्यकर्ते राज्यामागून राज्य तुडवत गेले, आणि पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९८४ रोजी, बहुजन समाज पक्ष उभा राहिला. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. त्यांत दलित आणि मजूर बाया मोठ्या संख्येने होत्या. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. सायकल हे गरिबाचे, बाईचे, विद्यार्थ्याचे वाहन आहे. पेट्रोल लागत नाही, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यात पहाटे पाव पोचतो तो सायकलीवर, पेपर पोचतो तो सायकलीवर. गवंड्याच्या हाताखालचा मजूर थापी आणि डबा अडकवून कामावर जातो तो सायकलीवर.

म्हणूनच त्या सायकलीकडून आमची अपेक्षा मोटारीपेक्षा जास्त आहे.

आणि सायकलवाले तरी सगळे एका थरातले कोठे आहेत? अलीकडे एक नवा सायकलवाला या रस्त्यावर आलेला आहे. सुट्टीच्या दिवशी पहाटे बोटीने किंवा गाडीवर सायकल टाकून तो मुंबईहून येतो. डोक्यावर शिरस्त्राण, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, मनगटावर वेग मोजणारे घड्याळ. आठ-दहा जणांचा जथा असतो, आणि शेजारी शेजारी सायकली लावून गप्पा मारत निम्मा रस्ता अडवलेला असतो. त्याच्या सायकलीची किंमत पाववाल्याच्या वर्षभराच्या कमाईच्या जवळपास जाते. व्यायामाला आमची हरकत नाही. मोटार सोडून माणूस सायकलीवर आला ही गोष्ट चांगलीच आहे. पण गावातली म्हातारी सकाळी रस्ता ओलांडताना त्याला अडथळा वाटते, कारण त्याच्या घड्याळातला सरासरी वेग कमी होतो. तिचा रस्ता हा त्याचा रविवारचा आखाडा झालेला आहे. त्याच्या मागोमाग कॉटेजीतून सायकली घेऊन हिंडणारे हौशी पर्यटक असतात. एका हातात मोबाईल, नजर समुद्राकडे, आणि रस्त्याची कोणती बाजू आपली याचा पत्ता नाही.

पण सगळा दोष मुंबईकराच्या पदरात टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. उलट्या बाजूने येणारा, डबलसीट नव्हे ट्रिपलसीट बसणारा, रात्री दिव्याशिवाय वाड्यांच्या अंधारातून सुसाट जाणारा पोरगा मुंबईचा नाही, आपल्याच वाडीतला आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, एके काळी नगरपालिकेचा बिल्ला सायकलीला लागत असे आणि रात्री दिवा नसेल तर हवालदार चाकातली हवा सोडून देत असे. तो जाच होता हे खरे. पण संध्याकाळ झाली की बापमाणूस डायनॅमो लावून पाही, हेही खरे. जाच गेला, त्याबरोबर शिस्तही गेली.

आणखी एक बोचरी गोष्ट सांगतो. आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत काय चालते? पुढे बाया-मुली पांढऱ्या साड्यांत शिस्तीने चालत असतात, आणि मागून निळा झेंडा लावलेल्या सायकली आणि मोटारसायकली त्यांच्या रांगांतून नागमोडी काढणारी आमचीच पोरे असतात. पोरे उत्साही आहेत, त्यांना चळवळीचा अभिमान आहे, सगळे मान्य. परंतु बाबासाहेबांच्या नावाने निघालेल्या मिरवणुकीत आमच्याच आया-बहिणींना अंग चोरून चालावे लागत असेल तर तो झेंडा कोणत्या समतेचा?

येथे चाळीसगावची हकीगत सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. १९२९ साल. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी त्यांना एका रात्रीसाठी ठेवून घेतले. स्टेशनवरून महारवाड्यात नेण्यासाठी टांगा हवा होता. टांगेवाले तयार होईनात. महाराला बसवून टांगा हाकणे त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. पाहुण्याने पायी चालावे हे लोकांना बरे वाटेना. म्हणून महारवाड्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीवर आदळता आदळता टांगा वाचला. पुढे नदीवरच्या फरशीत चाक अडकले, घोडा आणि टांगा खाली गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर आदळले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हलक्या कामाचा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, हे त्यांनी त्यातून दाखवले. तो निष्कर्ष आपल्याला पाठ आहे. पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती बाबासाहेबांनी झाकली नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात लोकांनी पाहुण्याचा जीव धोक्यात घातला होता. लगाम धरणाऱ्या त्या बांधवाचे प्रेम निर्मळ होते. त्याला टांगा हाकता येत नव्हता, कारण तो हाकायला त्याला कोणी कधी दिलाच नव्हता. हे त्याचे पाप नाही, व्यवस्थेचे आहे. आज तसे नाही. आज सायकल आमच्या घरात आहे, तिच्या पाठोपाठ मोटारसायकलही आली आहे. चालवायला शिकवणारे मात्र कोणी नाही. पोरगा गल्लीत दोन वेळा पडतो, तिसऱ्या वेळी तोल सावरतो, आणि झाला सायकलवाला. डावीकडून चालवावे, वळण्याआधी हात दाखवावा, माणूस दिसला की वेग कमी करावा, शाळेपाशी, बाजारात उतरून सायकल हातात धरावी, हे त्याला ना शाळेने सांगितले, ना बापाने. चालवता येणे आणि थांबवता येणे यांत फरक आहे, एवढे तरी चाळीसगावच्या फरशीने आम्हांला शिकवायला हवे होते.

आता कोणी म्हणेल, सायकलच्या धडकेने माणूस थोडाच मरतो? फार थोडे मरतात, हे आम्हीही मान्य करतो. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत पायी चालणारे ३२,८२५ होते, म्हणजे दर पाचांतला जवळजवळ एक. सायकलस्वार पाच हजारांच्या आसपास होते. पायी चालणाऱ्याचा मोठा मारेकरी मोटार आहे, सायकल नाही. सायकलस्वाराचाही मारेकरी तोच. हा हिशोब डोळ्यांआड करून सायकलवाल्याच्या डोक्यावर खापर फोडणाऱ्यांत आम्ही नाही.

परंतु मरण हा एकच मापदंड नसतो. साठी ओलांडलेल्या बाईला सायकल धडकली, ती खुब्यावर पडली आणि हाड मोडले की पुष्कळदा ती अंथरूण सोडत नाही. मासे विकून घर चालवणारी बाई असेल तर तिचे घर त्या दिवसापासून बसते. मोटारीची धडक असती तर विमा असता, मोटार अपघात न्यायाधिकरण असते, वकील तरी मिळाला असता. सायकलीला ना नंबर, ना विमा. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसतच नाही. दिवाणी दावा लावायचा म्हटला तर पाववाल्याकडून काय वसूल करणार? दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहतात आणि नुकसान ज्याचे झाले त्याच्याच पदरी पडते. त्यात आता बॅटरीवरच्या सायकली आल्या. मोटारीची ताकद २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला की त्यांनाही नोंदणी नाही, परवाना नाही. आवाज न करता मागून येणारे हे वाहन म्हाताऱ्या कानांना कळणार कसे?

कायदा अगदीच नाही असेही नाही. भारतीय दंड संहितेचे कलम २७९ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे चालवणाऱ्याला लागते. ‘कोणतेही वाहन’ यात सायकल आलीच. सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ ला पोटकलम जोडून यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्व राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. त्याआधी मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने सांगितले होते की अडथळा नसलेला पदपथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

नियम व्हावेत. पण ते कसे होतात यावर आमच्या लोकांनी डोळ्यांत तेल घालून पाहारा ठेवला पाहिजे. उद्या सायकलीला परवाना, सायकलीला दंड असे नियम आले तर पावती कोणाच्या नावाने फाटेल? नाक्यावरचा शिपाई रंगीत कपड्यांतल्या मुंबईकराला अडवील की मळक्या सदऱ्यातल्या मजुराला? याचे उत्तर आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. दिवसाला मिळणाऱ्या मजुरीएवढा दंड पाववाल्याला करून रस्ता सुरक्षित झाला असे जाहीर करायचे, हा सरकारी खाक्या आम्हांला ठाऊक आहे. शिस्त हवी, पण ती गरिबाच्या खिशावर दरोडा घालून नको.

ब्रिटनने २०२२ च्या जानेवारीत आपल्या वाहतूक संहितेत एक बदल केला. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, असा क्रम लावला. सगळ्यांत मोठी जबाबदारी अवजड वाहनाची, मग मोटारीची, मग मोटारसायकलची, मग सायकलची. पायी चालणाऱ्याला सायकलवाल्यानेही वाट द्यायची. ही संहिता वाचताना आम्हांला नवल वाटले, कारण चौल नाक्यावरची उतरंडच तिने उलटी धरलेली आहे. क्रम तोच आहे, पण तिरस्काराचा नव्हे, जबाबदारीचा. त्याच देशात २०१६ साली लंडनमध्ये पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलीच्या धडकेने रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईचा मृत्यू झाला आणि सायकलस्वाराला १८ महिन्यांची शिक्षा झाली. ती द्यायला न्यायालयाला १८६१ चा घोडागाडीच्या जमान्यातला कायदा शोधावा लागला. म्हणजे कायद्याची अशी पोकळी आमच्याकडेच आहे असे नाही.

पण नुसत्या संहितेने काही होत नाही, जागा लागते. सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात सायकलमार्ग बांधले. त्यांवर मोटारसायकली घुसल्या, सायकली पदपथावर चढल्या, आणि पदपथावरचा माणूस उतरून मोटारींच्या तोंडी गेला. पुन्हा तीच उतरंड. हॉलंडमध्ये १९७१ साली एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यांवर मेली, तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले, वर्षानुवर्षे झगडले, आणि मोटारींकडून जागा काढून घेऊन ती चालणाऱ्याला आणि सायकलीला वेगवेगळी वाटून देण्यात आली. आज तो देश सायकलीसाठी नाव कमावून आहे. सरकारने कृपा केली म्हणून ते झाले नाही, आई-बापांनी करायला लावले.

चौलमध्ये काय करता येईल? हा रस्ता ग्रामपंचायतीचा नाही, हे सरपंच पहिल्या वाक्यात सांगतील. बरोबर आहे. पण ठराव करायला कोणी अडवलेले नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे मागावे काय, तर पहिली गोष्ट साइडपट्टी. वस्तीतून रस्ता जातो तिथे किमान एका बाजूला, गटारावर फरशी टाकून, उंच केलेली चालण्याची पट्टी. भारतीय रस्ते परिषदेच्या संहितेत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. ती वाड्यांमध्ये सगळीकडे बसणार नाही, हे आम्हांला दिसते. जेथे बसते तेथे तरी द्या. जेथे बसत नाही तेथे गतिरोधक घालून मोटारींचा आणि सायकलींचाही वेग माणसाच्या चालीवर आणा. गडगे मागे घ्यायची वेळ आली तर वाडीवाल्याला मोबदला द्या आणि बंगलेवाल्याला नियम दाखवा. बहुधा उलटे होते, म्हणून सांगावे लागते.

आणि रस्ता मोकळा करण्याच्या नावाखाली नाक्यावर बसणाऱ्या कोळणींना उठवू नका. अतिक्रमण म्हटले की पहिली पाटी उचलली जाते, पार्क केलेली मोटार तशीच राहते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, तो संरक्षण देण्यासाठी आहे. निम्मा रस्ता अडवून उभ्या असलेल्या मोटारी हलवा, जागा आपोआप मिळेल. मार्गशीर्ष पौर्णिमेला भोवाळ्याच्या दत्ताची जत्रा भरते, पाच दिवस चालते. या दिवसांत भोवाळ्याच्या रस्त्याला पायी चालणाऱ्यांचा पूर असतो. या पाच दिवसांत गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर सायकलवाल्याने उतरून चालावे आणि मोटारसायकल आत आणूच नये, असे बंधन घालायला कोणाची हरकत असावी? श्रद्धा कोणाची कशावर आहे हा येथे प्रश्न नाही. चिरडला जाणारा माणूस कोणत्या देवाला निघाला होता हे चाक विचारत नाही.

शाळांनी एक तास काढावा. पाचवीपासून पुढच्या मुलामुलींना पटांगणात चुन्याच्या रेघा ओढून सायकल शिकवावी, घंटी-ब्रेक-दिवा तपासून द्यावा. याला निधी लागत नाही, एक उत्साही शिक्षक आणि गावातला सायकल दुरुस्तीवाला पुरे. आमच्या समाजातल्या तरुण मंडळांना आम्ही हेच काम सुचवतो. डीजेच्या वर्गणीतून थोडे बाजूला काढून वाडीतल्या प्रत्येक सायकलीला मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावून द्यावा. शंभर सायकलींना लावायला किती खर्च येतो, याचा हिशोब दुकानात जाऊन मंडळांनी स्वतः करावा. तो ऐकून काही जणांना लाज वाटेल असा आमचा अंदाज आहे.

चौलच्या डोंगरावर बौद्ध लेणी आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत ज्या ‘चेमुल’च्या दात्यांची नावे कोरलेली आहेत ते चेमुल म्हणजे हेच चौल. भिक्खू आणि व्यापारी या मुलखातून पायीच फिरले. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४६९ साली चौलला उतरला आणि येथूनच घाट चढून जुन्नरकडे गेला. त्या सगळ्यांना येथे चालायला जागा मिळाली. आज बाजाराला निघालेल्या बाईला ती मिळत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमाराला ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. आमच्या वस्तीतले लोक ग्रामसभेला जात नाहीत, गेले तर मागे बसतात, असे कार्यकर्तेच सांगतात. यावेळी अर्ज लिहून न्या. त्यात अनुच्छेद १५ मधील रस्ते हा शब्द लिहा, मे २०२५ च्या निकालाचा उल्लेख करा, आणि नाक्यापासून शाळेपर्यंत साइडपट्टी कोठे आहे, कोठे नाही, हे पावलांनी मोजून आकडे द्या. अर्जाची पोच घ्या. इतिवृत्तात ठराव नोंदला गेला का ते त्याच दिवशी वाचून पाहा. आणि अर्ज द्यायला सायकलीवरून जाणार असाल तर ग्रामपंचायतीच्या दारात, जिथे बाया उभ्या असतील, तिथे आधी खाली उतरा.